गुलामांचा राजा कोण निवडत असे? ब्राझीलमधील आफ्रिकी वंशाच्या लोकोत्सवांची ओळख

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आपल्या वर्तमानपत्रांत रिओ दि जानेरोच्या कार्निव्हलचे छायाचित्र छापून येते. पिसांचे मुकुट, चमचमते पोशाख, रोषणाईने उजळलेला रस्ता, आणि खाली ‘ब्राझीलमध्ये जल्लोष’ अशा अर्थाच्या दोन ओळी. त्या छायाचित्रात खोटे काही नसते. मात्र ते पाहून वाचकाची समजूत अशी होते, की आफ्रिकी वंशाच्या ब्राझिली लोकांचे उत्सव म्हणजे वर्षातून चार दिवसांची मौज, आणि मौजेला कसला आला आहे इतिहास?

त्याच देशातल्या मिनास जेराइस या डोंगराळ राज्यात वर्षातून एकदा साध्या कामकरी वस्त्यांमधून मुकुट धारण केलेले राजे आणि राण्या संथ पावलांनी बाहेर पडतात. त्यांच्या पुढेमागे ढोल वाजत असतात, लोक वाकून नमस्कार करतात, आशीर्वाद घेतात. ही माणसे एरवी गवंडी, शिक्षिका, घरकामगार किंवा निवृत्त नोकरदार असतात. पण ती राजाचे सोंग घेतात असे म्हटले तर तिथल्या कोणालाही ते पटणार नाही. ते पद खरे आहे, आणि त्याची परंपरा थेट गुलामगिरीच्या काळात जाते. ज्यांना स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता, त्यांनी आपला राजा कसा निवडला, मालकांनी तो कसा निवडू दिला, आणि विद्यापीठांतल्या अभ्यासकांना या राजाकडे नीट पाहायला शंभर वर्षे का लागली, हे या लेखात क्रमाने समजून घ्यायचे आहे.

आधी प्रमाण लक्षात घ्यावे लागेल

अटलांटिक महासागरावरील गुलामांच्या व्यापारात सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे जहाजांवर चढवली गेली, आणि त्यांपैकी जवळपास एक कोटी सात लाख जिवंत उतरली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. या उतरलेल्यांपैकी सुमारे ४८ लाख एकट्या ब्राझीलमध्ये आली. तुलनेसाठी सांगायचे, तर आजच्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या भूमीवर थेट आफ्रिकेतून आणलेल्यांची संख्या चार लाखांच्या आत होती. ब्राझीलने १८३१ मध्ये हा व्यापार कागदोपत्री बंद केला, प्रत्यक्षात तो १८५० नंतर थांबला, आणि गुलामगिरीच कायद्याने संपली ती १३ मे १८८८ रोजी. अमेरिका खंडांतील स्वतंत्र देशांमध्ये हा शेवटचा क्रमांक होता. २०२२ च्या जनगणनेत ब्राझीलच्या १०.२ टक्के लोकांनी स्वतःची नोंद ‘काळे’ आणि ४५.३ टक्के लोकांनी ‘मिश्रवर्णीय’ अशी केली. त्यामुळे आपण एखाद्या लहानशा समूहाच्या रूढींबद्दल बोलत नसून त्या देशाच्या अर्ध्याहून अधिक लोकसंख्येच्या वारशाबद्दल बोलत आहोत.

उत्सवाच्या मुळाशी एक मंडळ होते

पोर्तुगीज कॅथलिक जगात ‘इर्मांदादे’ नावाची एक संस्था होती. एखाद्या संताच्या नावाने सभासद एकत्र येत, वर्गणी भरत, पदाधिकारी निवडत आणि लिखित घटनेनुसार कारभार चालवत. आपल्याकडच्या वाचकाला ‘मंडळ’ या शब्दाने तिची कल्पना चटकन येईल, म्हणून पुढे तोच शब्द वापरतो. गोव्यातील चर्चशी जोडलेल्या कॉन्फ्रारिया याच कुळातल्या आहेत, आणि तिथेही सभासदत्व बराच काळ जातीनुसार विभागलेले होते. ब्राझीलमध्ये ही विभागणी वर्णानुसार झाली. गोऱ्यांची मंडळे वेगळी, मिश्रवंशीयांची वेगळी आणि काळ्यांची वेगळी. काळ्यांची मंडळे बहुधा रोझरी मातेच्या, म्हणजे जपमाळ धारण केलेल्या मेरीच्या नावाने असत. आफ्रिकी गुलाम आई-वडिलांच्या पोटी सिसिलीत जन्मलेला संत बेनेदिक्त आणि आफ्रिकी राजकन्या मानली जाणारी संत एफिजेनिया हेही त्यांचे आवडते संत होते.

अशा मंडळाने काय मिळत असे, याचे पहिले उत्तर म्हणजे सन्मानाचे मरण. त्या काळी चर्चच्या जमिनीत दफन होणे हीच सन्मानाची अखेर होती, आणि गुलामाचे प्रेत कुठेही टाकून दिले जाण्याची भीती खरी होती. मंडळाचा सभासद असलेल्या माणसाला कफन, दफनाची जागा, प्रेतयात्रेला चालणारी माणसे आणि आत्म्यासाठी प्रार्थना यांची हमी असे. पुढे आजारपणात मदत आणि काही मंडळांत स्वातंत्र्य विकत घेण्यासाठी पैशांची सोय, अशी त्याची व्याप्ती होती. बाहिया राज्यातील साल्वादोर शहरात काळ्यांचे रोझरी मंडळ १६८५ पासून आहे. पेलोरिन्यो भागातले त्याचे चर्च सभासदांनी १८व्या शतकात आपल्या कष्टाने आणि वर्गणीने उभे केले. पेलोरिन्यो या शब्दाचा अर्थ फटके मारण्याचा खांब असा आहे. त्याच चौकात त्याच लोकांनी स्वतःच्या मालकीची वास्तू बांधली, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात फार मोलाची वाटते.

मंडळाचा वर्षातला सर्वांत मोठा दिवस म्हणजे आपल्या संताचा सण, आणि त्या सणाच्या मध्यभागी राजा-राणीची निवड व राज्याभिषेक. रेसिफे शहरातल्या रोझरी मंडळात अंगोलाचे राजा-राणी अभिषिक्त झाल्याची नोंद १६७४ ची आहे. काळ्यांच्या मंडळात चिटणीस आणि खजिनदार गोरा असावा अशी अट पुष्कळ ठिकाणी घातलेली होती. राजा मात्र आपल्यातलाच असे, आणि पुढे बहुतेक ठिकाणी त्याला ‘काँगोचा राजा’ म्हणू लागले.

राजा काँगोचाच का?

याचे उत्तर आफ्रिकेत आहे. आज अंगोला आणि काँगो या देशांमध्ये विभागलेल्या प्रदेशात काँगो नावाचे बलाढ्य राज्य होते. तिथला राजा न्झिंगा अ न्कुवू याने १४९१ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि त्याचा मुलगा अफोन्सो पहिला याने ख्रिस्ती धर्म राज्याचा धर्म म्हणून रुजवला. याच अफोन्सोने १५२६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्रे लिहून, तुमचे व्यापारी आमची माणसे, सरदारांची मुलेसुद्धा, पकडून नेत आहेत अशी कडक तक्रार केली होती. ती पत्रे आजही वाचायला मिळतात.

म्हणजे ब्राझीलला आलेल्या मध्य आफ्रिकी लोकांपैकी अनेकांना मेरी, संत आणि क्रूस यांची ओळख जहाजावर चढण्याआधीच झालेली होती. काँगोच्या दरबारात सणासुदीला सरदार तलवारी आणि ढाली घेऊन राजासमोर युद्धनृत्य करीत. ब्राझीलच्या मिरवणुकांमधली तलवारींची झुंज, दोन पक्षांमधले राजदूत आणि लढाईनंतरचा तह यांचे नाते कलेतिहासकार सेसिल फ्रोमों यांनी या दरबारी नृत्याशी जोडून दाखवले आहे. काही ठिकाणच्या खेळांत काँगोच्या राजासमोर राणी जिंगाचा दूत येतो. ही जिंगा म्हणजे पोर्तुगिजांशी दशकानुदशके झुंजलेली आणि १६६३ मध्ये वारलेली न्दोंगो-मातांबाची राणी न्झिंगा. ज्या अंगोलाच्या किनाऱ्यावरून माणसे ओढून आणली, तिथले राजकारण त्यांच्या नातवंड-पतवंडांनी ब्राझीलच्या चौकात असे जिवंत ठेवले.

मिरवणूक वाचायची कशी?

मिनास जेराइसमध्ये या उत्सवाला ‘रेनादो’ म्हणजे राज्य, किंवा ‘कोंगादो’ म्हणतात. त्यामागची कथा कळल्याशिवाय मिरवणुकीचा क्रम समजत नाही. कथा गावागणिक थोडी बदलते, पण गाभा असा आहे. रोझरी मातेची मूर्ती समुद्राच्या लाटांवर दिसली. गोऱ्यांनी वाजतगाजत ती आणून चर्चमध्ये बसवली, पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पाण्यात. मग गुलामांनी परवानगी मागितली. आधी ‘काँगो’ नावाचा गट रंगीत फिती आणि झपाट्याची नाचगाणी घेऊन गेला; मूर्ती हलली, थोडी पुढे आली, थांबली. त्यानंतर ‘मोझाम्बिक’ नावाचा म्हाताऱ्यांचा गट अनवाणी, साध्या कपड्यांत, ओबडधोबड लाकडी ढोल घेऊन संथपणे गात गेला, आणि माता त्यांच्यामागे चालत आली व त्यांच्या ढोलावर बसली.

आता रस्त्यावरचा क्रम पाहा. काँगो गट पुढे जाऊन वाट मोकळी करतो, त्याची पावले जलद असतात. मोझाम्बिक गट मागून संथ चालतो, आणि राजा-राणीला नेण्याचा मान केवळ त्याचा असतो, कारण मातेला आणण्याचे काम त्याने केले होते. दिंडीत कोणी कुठे चालायचे हे जसे ठरलेले असते आणि तो क्रम मोडणे म्हणजे नुसती शिस्त मोडणे नसते, तसेच हे आहे. मोझाम्बिक गटातली माणसे घोट्याला ‘गुंगा’ बांधतात. गुंगा म्हणजे बिया किंवा छर्रे भरलेले लहान पत्र्याचे डबे. पाऊल टाकले की ते खळखळतात. घोट्यावरच्या या आवाजात साखळदंडाची आठवण आहे असे तिथली माणसे सांगतात. या सर्वांच्या आत ‘कांदोंबे’ नावाचे तीन जुने ढोल असतात. ते पवित्र मानले जातात आणि वाटेल तेव्हा बाहेर काढले जात नाहीत.

ईशान्येकडच्या रेसिफे शहरात हीच राजा-राणीची परंपरा ‘मराकातू’ या रूपात आली. तिथे राणीच्या दरबारातली एक स्त्री ‘कालुंगा’ नावाची काळी बाहुली हातात धरून नाचते. बाहुली म्हटल्यावर खेळणे डोळ्यांपुढे येईल, पण कालुंगा ही पूर्वजांची मूर्ती आहे, आणि ती धारण करणाऱ्या स्त्रीला त्यापूर्वी धार्मिक पथ्ये पाळावी लागतात. मध्य आफ्रिकेच्या भाषांत ‘कालुंगा’ या शब्दाला समुद्र, आणि जिवंत व मृत यांच्यामधली सीमा, असे अर्थ आहेत. ज्यांनी समुद्र ओलांडला आणि परत जाऊ शकले नाहीत, त्यांच्या वंशजांनी हाच शब्द जपावा हे मनाला भिडते.

मग सत्तेने हे चालू कसे दिले?

पहिला आक्षेप बहुधा हाच असतो: ज्या राज्यकर्त्यांनी एवढे अत्याचार केले, त्यांनी गुलामांना राजा निवडू दिला, याचा अर्थ हा प्रकार त्यांना निरुपद्रवी वाटत होता, म्हणजे ही केवळ दिलेली सवलत होती, कुकरच्या शिट्टीसारखी वाफ सोडण्याची व्यवस्था.

सत्ताधाऱ्यांपैकी काहींचे मत नेमके हेच होते. आंतोनिल या टोपणनावाने लिहिणाऱ्या जेझुइट धर्मगुरूने १७११ मध्ये छापलेल्या ग्रंथात मळेवाल्यांना सल्ला दिला आहे, की वर्षातून काही दिवस गुलामांना आपले राजे निवडू द्यावेत, गाऊ-नाचू द्यावे. हा त्यांच्या बंदिवासातला एकमेव विसावा आहे, आणि तो काढून घेतला तर ते खिन्न होतील. बाहियात १८०५ ते १८०९ या काळात गव्हर्नर असलेल्या पोंते यांनी ढोलांचे मेळावे कडकपणे मोडून काढले, तर १८१० मध्ये आलेल्या आर्कोस यांनी उलटा युक्तिवाद केला: प्रत्येक ‘राष्ट्रा’चे गुलाम आपापले ढोल वाजवतील तर त्यांच्यातले जुने वैर टिकून राहील, आणि ते एकत्र आले तरच खरा धोका आहे. (‘राष्ट्र’ हा इथे व्यापारातला शब्द आहे. माणूस कोणत्या बंदरातून आणला त्यावरून त्याला अंगोला, मीना, नागो असे नाव दिले जाई.)

दोघांचाही अंदाज अपुरा ठरला. बाहियात १८०७ पासून उठाव होत राहिले, आणि १८३५ मध्ये साल्वादोरात मुस्लिम आफ्रिकींच्या पुढाकाराने मोठे बंड झाले. म्हणून मला वाटते, की ‘वाफ सोडणे की प्रतिकार’ असा प्रश्न विचारणेच चुकीचे आहे. मालकाच्या दृष्टीने तो विसावा असेल. मंडळाच्या दृष्टीने ती निवडणूक होती, जमाखर्च होता, भांडणांचा निवाडा होता, आणि ‘हा आमचा माणूस, याचा शब्द आम्ही मानतो’ असे उघडपणे म्हणण्याची संधी होती. एकाच दिवसाचे हे दोन अर्थ शेजारी-शेजारी नांदत होते.

पुरावा कुठून येतो?

१८९० मध्ये अर्थमंत्री रुई बार्बोझा यांनी गुलामगिरीशी संबंधित सरकारी महसुली नोंदी जाळून टाकण्याचा आदेश दिला. सर्व कागद जळले नाहीत, तरी नुकसान झाले. मग इतिहासकार काम कसे करतात? मंडळांच्या घटना आणि हिशेबवह्या, चर्चच्या नोंदी, मृत्युपत्रे, प्रवाशांची वर्णने आणि चित्रे, हे एक साधन. बव्हेरियाचे निसर्गशास्त्रज्ञ स्पिक्स आणि मार्टियुस यांनी १८१८ मध्ये हिऱ्यांच्या तिजुको गावात काळ्या राजाची मिरवणूक पाहून लिहून ठेवली. रुगेंदास या चित्रकाराने रोझरीच्या सणाचे चित्र १८३५ मध्ये प्रसिद्ध केले.

दुसरे साधन म्हणजे बंदीहुकूम. एखाद्या सोसायटीत दर महिन्याला ‘जिन्यात चपला ठेवू नयेत’ अशी पाटी नव्याने लागत असेल, तर चपला जिन्यातच असतात हे कोणीही ओळखेल. तसेच ढोलबंदीचे आदेश पुन्हा पुन्हा निघतात तेव्हा ढोल थांबले नव्हते हे कळते. जोआंव जोझे रेइस यांच्यासारख्या इतिहासकारांनी १९८० च्या दशकापासून पोलिसी कागद असे उलट्या बाजूने वाचून दाखवले.

तिसरे साधन मौखिक परंपरा, आणि इथे सावध राहावे लागते. ओउरो प्रेतो शहरात शिको रेइची कथा सर्वांना पाठ आहे: आफ्रिकेतला राजा आपल्या लोकांसह गुलाम म्हणून आला, कष्ट करून आधी मुलाला, मग स्वतःला, मग एकेक करून आपल्या माणसांना सोडवले, सोन्याची खाण घेतली आणि पुन्हा राजा झाला. ही कथा छापील स्वरूपात प्रथम येते ती १९०४ मध्ये, दिओगो दे वास्कोन्सेलोस यांच्या इतिहासग्रंथातल्या एका तळटीपेत. १८व्या शतकातला तिला दुजोरा देणारा कागद मिळालेला नाही. मग ती टाकून द्यायची का? मुळीच नाही. खाणींच्या शहरात काळ्या मंडळांनी स्वातंत्र्य, सोने आणि राजपद यांची सांगड कशी मनात ठेवली, याचा ती पुरावा आहे. शिको नावाचा माणूस होता, याचा पुरावा म्हणून मात्र ती वापरता येत नाही.

डॉक्टर, संग्राहक आणि एक कारागीर

या उत्सवांच्या अभ्यासाची सुरुवात एका वैद्यकीय महाविद्यालयात झाली, आणि यातच पुढच्या बऱ्याच गैरसमजांचे मूळ आहे. बाहियात न्यायवैद्यक शिकवणाऱ्या रायमुंदो नीना रोद्रिगेस (१८६२–१९०६) यांनी आफ्रिकी धर्म, भाषा आणि सण यांची नोंद इतक्या बारकाईने केली, की आजही त्यांच्या लिखाणावाचून पुढे जाता येत नाही. परंतु आफ्रिकी वंश निसर्गतःच हीन आहे असे ते मानत, आणि वेगवेगळ्या वंशांसाठी गुन्हेगारी कायदाही वेगळा असावा असे त्यांनी १८९४ मध्ये लिहिले. त्यांच्यासमोरचा उत्सव म्हणजे तपासायचे लक्षण होते.

त्याच शहरात त्याच काळात मानुएल केरिनो (१८५१–१९२३) हे काळे गृहस्थ राहत होते. लहानपणीच अनाथ झालेले, रंगकाम आणि चित्रकला शिकलेले, कामगारांचे संघटन करणारे, शिक्षक. त्यांनी आफ्रिकींच्या चालीरीती आणि सण वाड्यावस्त्यांतल्या ओळखीच्या माणसांना विचारून लिहिले, आणि १९१८ मध्ये ठामपणे मांडले, की ब्राझीलच्या संस्कृतीची उभारणी काळ्या माणसाच्या श्रमाने आणि कौशल्याने झाली आहे. दीर्घकाळ विद्यापीठांनी नीना रोद्रिगेस यांना संस्थापक मानले आणि केरिनो यांना हौशी लेखक. हा निवाडा अन्यायाचा होता असे आता बहुतेक अभ्यासक मानतात.

दुसरा टप्पा संग्राहकांचा. कवी आणि संगीताचे अभ्यासक मारिओ दे आंद्रादे साओ पाउलोच्या संस्कृती विभागाचे प्रमुख असताना त्यांनी आखलेली मोहीम १९३८ मध्ये चार जणांना घेऊन देशाच्या उत्तर व ईशान्य भागांत गेली आणि गाणी, नाच, विधी ध्वनिमुद्रित करून आणले. राजदूत, लढाई, मृत्यू आणि पुनर्जन्म असलेल्या या खेळांना आंद्रादे ‘नाट्यमय नृत्ये’ म्हणत. हे काम अतिशय मोलाचे आहे. तरीही त्याची एक बाजू विसरू नये: ज्या काळात संग्राहक ढोलांचे आवाज जपून ठेवत होते, त्याच काळात पोलीस ढोल जप्त करत होते. रिओच्या पोलिसांनी १८८९ ते १९४५ या काळात आफ्रिकी धर्मस्थळांतून जप्त केलेल्या पूजावस्तू ‘काळी जादू’ या नावाखाली ठेवल्या होत्या. भक्तांच्या मोहिमेनंतर २०२० मध्ये त्या प्रजासत्ताक संग्रहालयाकडे सोपवल्या गेल्या.

पण हे आफ्रिकी आहे की ब्राझिली?

१९४० च्या दशकात दोन अमेरिकी अभ्यासकांचा यावर गाजलेला वाद झाला. मेल्व्हिल हर्स्कोव्हिट्स यांचे म्हणणे होते, की अमेरिकेतल्या काळ्या समाजांमध्ये आफ्रिकेचा वारसा टिकून आहे आणि तो शोधता येतो. ई. फ्रँकलिन फ्रेझिअर हे स्वतः काळे समाजशास्त्रज्ञ. त्यांचे म्हणणे, की गुलामगिरीने जुने बंध तोडले आणि आज दिसते ते नव्या परिस्थितीला दिलेले उत्तर आहे. दोघांनी बाहियातल्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि विरुद्ध निष्कर्ष काढले.

स्वयंपाकघरातले उदाहरण घेऊ. मिरची, बटाटा आणि टोमॅटो अमेरिका खंडातून आले, तरी बटाट्याच्या रस्साभाजीला कोणी परदेशी म्हणत नाही. उलट ‘सगळेच इथे तयार झाले’ असे म्हणणेही चूक. १९७६ मध्ये सिडनी मिंट्झ आणि रिचर्ड प्राइस यांनी सुचवले, की एकेक वस्तू कुठून आली हे मोजत बसण्यापेक्षा परक्या भूमीवर एकमेकांना अनोळखी असलेल्या माणसांनी नव्या संस्था कशा उभारल्या हे पाहावे. रेनादोला हे चपखल बसते. काँगोचा राजा, पोर्तुगीज मंडळाची घटना, कॅथलिक माता आणि बंदरावरून पडलेली ‘राष्ट्रां’ची नावे यांतून जे घडले, ते यांपैकी कशातच आधी नव्हते. ‘वरून मेरी, आतून आफ्रिकी देव’ हा मुखवट्याचा सिद्धांत काही ठिकाणी खरा असेल, पण काँगोहून ख्रिस्ती होऊन आलेल्यांना मुखवट्याची गरज नव्हती.

मग सांबा आणि कार्निव्हल यांचे काय?

ब्राझीलच्या जुन्या कार्निव्हलला ‘एंत्रुदो’ म्हणत. पाणी आणि सुगंधी पाण्याने भरलेली मेणाची लिंबे फेकण्याचा तो खेळ होता. गोव्यात कार्निव्हलला ‘इंत्रुज’ म्हणतात, तो हाच शब्द. १९व्या शतकात उच्चभ्रूंना हा खेळ रानटी वाटू लागला आणि त्यांनी युरोपी धर्तीच्या मिरवणुका आणल्या. काळ्या लोकांनी त्यातही आपली जागा केली. १८९० च्या दशकात साल्वादोरात ‘आफ्रिकी वकिलात’ अशा नावाची मंडळे आफ्रिकी दरबार घेऊन निघत; १९०५ मध्ये पोलिसांनी अशा मंडळांवर बंदी घातली.

रिओमध्ये बाहियाहून आलेल्या स्त्रियांच्या घरांनी हा वारसा सांभाळला. तिया सियाता (१८५४–१९२४) मिठाई विकत, आफ्रिकी धर्मातल्या त्या मानकरी होत्या, आणि त्यांच्या घरी भरणाऱ्या मैफलींशी सांबा या नृत्यसंगीताचा जन्म जोडला जातो. १९२८ मध्ये एस्तासिओ वस्तीत ‘देइशा फालार’ हे मंडळ निघाले, आणि १९३२ मध्ये एका क्रीडा-वृत्तपत्राच्या पुढाकाराने सांबा मंडळांची पहिली स्पर्धा झाली. त्या मंडळांचे ज्येष्ठ, ध्वजधारिणी, राजदरबारी पेहराव, वस्तीची निष्ठा, यांत जुन्या मंडळाचे वळण ओळखू येते. पिसांच्या मुकुटाचे मूळ इथे शोधावे लागते.

एक आणखी धागा आपल्या देशाशी थेट जोडलेला आहे. गांधीजींच्या हत्येनंतर वर्षभराने, १९४९ च्या कार्निव्हलमध्ये, साल्वादोरच्या गोदी कामगारांनी ‘फिल्योस दे गांधी’, म्हणजे ‘गांधींची मुले’, हे मंडळ काढले. पांढरी वस्त्रे, डोक्याला पांढरा पंचा, गळ्यात निळ्या-पांढऱ्या माळा, आणि आफ्रिकी देवतांची गाणी. ते आजही निघते. १९७४ मध्ये त्याच शहरातल्या काळ्या वस्तीत ‘इले आइये’ हे मंडळ स्थापन झाले आणि पुढच्या वर्षी रस्त्यावर उतरले, तेव्हा त्याच्यावरच वर्णद्वेषाचा आरोप झाला, कारण त्यात फक्त काळ्यांना प्रवेश होता. ज्या शहरातल्या गोऱ्या क्लबांत काळ्यांना कधी स्थान नव्हते, तिथे हा आरोप व्हावा याचे दुःख वाटते.

पर्यटन, दूरचित्रवाणी आणि प्रायोजक यांमुळे हे सारे बाजारू झाले, असा शेवटचा आक्षेप असतो. रिओच्या मोठ्या मिरवणुकीबाबत तो बराचसा खरा आहे. १९८४ पासून ती खास बांधलेल्या प्रेक्षागारात होते आणि तिकिटे महाग असतात. पण त्याच मिरवणुकीत साल्गेइरो मंडळाने १९६० मध्ये पळालेल्या गुलामांच्या पाल्मारेस वसाहतीची कथा आणली, जेव्हा शाळांच्या पुस्तकांत तिला जेमतेम जागा होती. पाल्मारेसचा नेता झुंबी २० नोव्हेंबर १६९५ रोजी मारला गेला; तो दिवस राष्ट्रीय सुट्टी झाला २०२४ पासून. आफ्रिकी-ब्राझिली इतिहास शाळांत सक्तीचा करणारा कायदा २००३ चा आहे. मिरवणूक कायद्याच्या कितीतरी पुढे चालत होती.

आता अभ्यास कोण करते?

१९८० च्या दशकात मोठा बदल झाला तो अभ्यासकांच्या जागी कोण बसले यात. काळ्या विदुषी आणि कार्यकर्त्या लेलिया गोंझालेस (१९३५–१९९४) यांनी १९८७ मध्ये ब्राझीलच्या लोकोत्सवांवर ग्रंथ लिहिला आणि त्यांतला आफ्रिकी हात ठळकपणे दाखवला. लेदा मारिया मार्तिन्स या साहित्याच्या प्राध्यापिका. बेलो ओरिझोंते शहरातल्या जातोबा येथील रोझरी मंडळाच्या रेनादोवर त्यांनी १९९७ मध्ये लिहिले, आणि त्याच मंडळात त्या स्वतः राणी आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की या परंपरेत शरीर हाच दस्तऐवज आहे: पावलांची चाल, ढोलाचा ठेका आणि कॅप्टनने, म्हणजे गटाच्या प्रमुखाने, उच्चारलेली पूर्वजांची नावे यांत ज्ञान साठवलेले असते, आणि ते वाचायला शिकावे लागते. आपल्याकडे पालखीच्या वाटेवर पिढ्यानपिढ्या चाललेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

रेसिफेच्या ‘एलेफांते’ मराकातूची राणी दोना सांता १९६२ मध्ये वारली, तेव्हा तिच्या दरबाराच्या वस्तू आणि कालुंगा संग्रहालयात गेल्या. आज त्या रेसिफेच्याच एका संग्रहालयात काचेच्या पेटीत पाहायला मिळतात, नीट लेबल लावून. दरवर्षी कार्निव्हलच्या सोमवारी रात्री त्याच शहरातल्या तेर्सो चौकात मराकातूची पथके जमतात. मध्यरात्री दिवे मालवतात, ढोल थांबतात आणि गुलामगिरीत मेलेल्यांसाठी प्रार्थना होते. तिथे उभ्या असलेल्या स्त्रियांच्या हातांत कालुंगा असतात, काचेशिवाय.